अक्काचा हात आणि माझे मांडे

माझा मुलगा वर्गात पहिला आला की तो ह्यांचा असायचा, आणि त्यानं कोणाची काच फोडली की तो माझा. आमच्या घरात हा कायदा कोणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण पाळला मात्र अगदी काटेकोर जायचा. हे कचेरीतून यायचे, चपला काढायचे, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे आणि विचारायचे, "आज तुझ्या चिरंजिवांनी काय दिवे लावले?" तुझ्या! आणि प्रगतिपुस्तक आलं की तेच पुस्तक घेऊन गल्लीभर हिंडायचे, "आमचा पोरगा हो, आमच्यावरच गेलाय." मी एकदा म्हटलंसुद्धा, की मग दगड मारताना तो कोणावर जातो? तर म्हणाले, "तुमच्या धुळ्याच्या बाजूवर." जळगावच्या माणसाला धुळ्याचं काही सांगायला जाऊच नये.

ही गोष्ट साठच्या दशकाच्या अखेरीची. जळगावात आमची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं, मधून एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. आमच्या भिंतीला भिंत लागून अक्का राहायची. ती मूळची असोद्याची, घरची केळीची बाग. पोरांच्या शिक्षणासाठी तिनं जळगावात घर केलं होतं आणि तिचे यजमान बागेतच राहायचे. बिचाऱ्यांना बोलायची संधी केळींसमोरच मिळत असावी, कारण अक्कासमोर कोणाला मिळायची नाही. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही. मी तिच्यासाठी "धुळेवाली". लग्न होऊन मला आठ-नऊ वर्षं झाली होती, एक पोर पदरात होतं, तरी मी धुळेवालीच.

अक्काचं नाव होतं ते मांड्यांसाठी. खापरावरचे मांडे आमच्याकडे सगळेच खातात, पण करणारे हात थोडे. मैद्यासारखी वस्त्रगाळ कणीक तिंबायची, त्यात पुरणाचा गोळा भरायचा, ताटलीएवढं लाटायचं आणि मग तो मांडा दोन्ही हातांवर घेऊन या कोपरावरून त्या कोपरावर असा खेळवायचा की वाढता वाढता तो परातीहून मोठा व्हावा, आणि फाटता कामा नये. मग चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापलेलं असतं, त्यावर तो अलगद सोडायचा. अक्काचा मांडा उन्हाकडे धरला तर पलीकडचं माणूस ओळखू यायचं, असं लोक सांगत. लोक म्हणजे मुख्यत्वे अक्काच.

आणि स्वतः एवढी पटाईत असल्यामुळे दुसऱ्या कोणाचा मांडा तिला गोड लागेल तर शपथ! कोणाच्या लग्नात जेवायला बसली की पानातला मांडा दोन बोटांनी उचलायची, खालीवर बघायची आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "चांगला हाये. पांघरायले चांगला हाये." गल्लीत मांडे करणाऱ्या तीन-चार बायका होत्या. एकीलाही तिनं सोडलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात अक्काच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा फैजपूरचा, घर तालेवार. त्यांच्यात रीत अशी, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विहीणपंगत बसते आणि त्या पंगतीत विहिणीच्या पानात जो मांडा पडतो तो मुलीच्या आईच्या हातचा लागतो. बाकी वऱ्हाडाला आचारी काय वाढतील ते वाढोत. सुपारी फुटली त्या दिवशी विहीणबाई अक्काला म्हणाल्या, "तुमच्या मांड्यांचं लई ऐकलंय. पाहू आता." मी तिथे होते. त्या "पाहू"त काय होतं ते बायकांना बरोबर कळलं. अक्का दुसरं काही न बोलता "पाहाच" म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण नाही! ती म्हणाली, "विहीनबाई, माह्या हातचा मांडा खाल्ला की तुमच्या घरचा मांडा तुम्हाले गोड लागनार नही." विहीणबाई हसल्या. फक्त ओठांनी हसल्या.

आता दगडाकडे येते.

चैत्रात कुरडया घालतात. अक्काच्या घरी लग्न, म्हणून कुरडयांचे डोंगर. धाब्यावर खाटा टाकलेल्या, खाटांवर धोतरं आणि धोतरांवर कुरडया. कावळ्यांना काय, त्यांना आमंत्रण लागत नाही. तेव्हा अक्कानं कावळे राखायला माझ्या मुलाला नेमलं. तो आठ वर्षांचा आणि त्याच्याजवळ गलोल होती. ही गलोल मी दोनदा चुलीत घातली होती, तिसरी त्यानं कुठून पैदा केली देव जाणे. अक्का स्वतः माझ्या दारात येऊन म्हणाली, "धुळेवाली, तुहा पोरगा दे मले. कावळे हाकलीन, गरम चीक खाईन." मी म्हटलं, "अक्का, तो कावळे सोडून सगळ्याला मारतो." ती म्हणाली, "माह्याकडं शिस्तीत ऱ्हाईन." हे शब्द मला अजून पाठ आहेत, कारण पुढे मी ते खूप लोकांना ऐकवले.

सकाळभर शिस्तीत राहिला. वाटीभर चीक तेल-साखर घालून चापला. मग अक्का रिकामी घमेली घेऊन शिडीनं खाली उतरायला लागली. दोन्ही हातांत घमेली, म्हणून ती शिडीकडे पाठ करून उतरत होती, आणि धाब्यावरच्या पोराकडे तिची पाठ होती. त्याच क्षणी अक्काच्या मागे कठड्यावर एक कावळा बसला. पोरानं नेम धरला. कावळा उडाला. कावळे शहाणेच असतात. दगड अक्काला जिथे लागला ती जागा मी सांगणार नाही, कारण तिनं स्वतः शेवटपर्यंत सांगितली नाही. "अगं माय व!" अशी एक किंकाळी ऐकू आली आणि पाठोपाठ घमेल्यांचा गडगडाट. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरून अक्का अंगणात आली ती डाव्या हातावर. मनगट मोडलं.

मी धावत गेले तर अक्का जमिनीवर बसलेली, हात पोटाशी धरलेला, तोंड पांढरं. आणि ते कार्टं धाब्यावरून ओरडून विचारत होतं, "अक्का, कुरडयांवर कावळा बसलाय, मारू का?"

सरकारी दवाखान्यात नेलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. लग्न वैशाखात, आणि डॉक्टर म्हणाले प्लास्टर त्याआधी निघणार नाही. अक्का तिथे रडली नाही. घरी आली आणि पालथं घातलेलं खापर बघून मात्र असा गळा काढला की सगळी गल्ली गोळा झाली.

संध्याकाळी आबांच्या ओट्यावर बैठक बसली. आबा गल्लीतले सगळ्यात वयस्कर, त्यामुळे न्याय त्यांच्याकडे. तंबाखू मळता मळता ते लोकांची भांडणं मिटवत आणि तंबाखू तोंडात गेली की निकाल लागला असं समजायचं. आमच्या ह्यांनी कचेरीत कागद खरडून खरडून वकिली जीभ कमावलेली. ते उभे राहिले आणि बोटं मोजत म्हणाले, "आबा, घटनेच्या वेळी मुलगा कोणाच्या ताब्यात होता? अक्काच्या. नेमणूक कोणी केली? अक्कानं. मोबदला कोणी दिला? चीक, अक्कानं. मग नोकरानं कामावर असताना नुकसान केलं तर भरपाई मालकाची असते. या हिशेबानं अक्काच अक्काला जबाबदार आहे."

मला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

आबा म्हणाले, "सगळं खरं. पण दगड कोणाच्या पोरानं मारला?"

"आमच्या."

"मग?"

हे खाली बसले. आबांनी अक्काला विचारलं, "दगड लागला कुठे?"

"लागला तिथं लागला. तुम्हाले काय करायचं हाये?"

"तसं नव्हे, दगड लागून पडलीस का घाबरून पडलीस, एवढंच."

"तुम्ही उभे ऱ्हा शिडीवर, मी मारते. मग सांगा मले."

आबांनी तो मुद्दा सोडून दिला. ह्यांनी दवाखान्याचा खर्च देतो म्हटलं, तर अक्का उसळली, "खर्च घालीन मी केयीच्या बुंध्यात! हात डाक्टर जोडीन. विहिनीच्या पानात मांडा कोन वाढीन?" मग कोणीतरी म्हणालं, गल्लीत मांडे करणाऱ्या बायका आहेत की. सगळ्यांनी त्या बायकांकडे बघितलं. एक म्हणाली, "आमचे मांडे पांघरायचे असतात बाई." दुसरी म्हणाली, "आमच्या मांड्यांना बिब्बा घालून झालाय." तिसरी उठून सरळ घरी गेली. आपल्या जिभेचं पेरलेलं असं रांगेनं उगवून आलेलं अक्कानं बघितलं, आणि मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"धुळेवाली करीन. पोरानं हात मोडला, मायनं हात द्यावा. आन् तिले मांडे येतात. तिच्या बापानं सांगितलं व्हतं."

झालं! आबांची तंबाखू तोंडात गेली.

हे "बापानं सांगितलं" काय प्रकरण, ते सांगते. मला बघायला हे लोक धुळ्याला आले, तेव्हा माझ्या वडिलांनी मुलीचे गुण सांगताना शिवण, भरतकाम, सुरेल गळा यांच्या ओळीत "खापरावरचे मांडे तर असे करते की बघत राहावं" हेही ठोकून दिलं होतं. खापर आमच्या घरात नव्हतंच. आमचं घर आग्रा रोडला लागून, दोन खोल्यांचं. खापर ठेवलं असतं तर आम्ही बाहेर झोपलो असतो. पण सासूबाईंनी ते वाक्य जळगावात आणून गल्लीभर वाटलं. पुढे माझ्यावर मांडे करायची वेळ आली नाही, कारण शेजारी अक्का असताना कोणाची छाती होती? त्यामुळे खोटं उघडं पडलं नाही. मी ओट्यावर ओरडून सांगितलं, "मला येत नाहीत हो! एकही येत नाही!" तर बायका म्हणाल्या, "किती विनय बाई." आणि हे, माझे सप्तपदीचे जोडीदार, म्हणाले, "तुझ्या वडिलांनी तर सांगितलं होतं."

"आणि बापाचे हात काय लोणच्यात घालायचेत?" मी भर ओट्यावर विचारलं. "पोरगा दोघांचा. ह्यांना बसवा खापरावर."

लोक इतके हसले की माझं म्हणणं त्यातच वाहून गेलं. मुलाच्या दगडाची भरपाई आईनं करायची, आणि बापाच्या थापेची भरपाई लेकीनं. पुरुष एक थाप मारतो, एक दगड मारतो आणि मोकळा होतो. मधल्यामध्ये बाई भाजून निघते. त्या रात्री मी पोराला दोन फटके दिले आणि ह्यांना पिठलं-भाकरी. ह्यांना पिठलं मुळीच आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून धुळ्याला गेले. वडील पेपर वाचत बसले होते. मी दारातूनच तोंड सोडलं. तर शांतपणे पेपर घडी करून म्हणाले, "अगं, लग्न जमवताना कोणी खरं बोलतं का? त्यांनी नाही का सांगितलं मुलगा शांत स्वभावाचा आहे म्हणून?" ते मात्र खरं होतं. मी आईला म्हटलं, आई, निदान तू तरी मला शिकव. आई धुळ्याजवळच्या खेड्यातली, चिडली की अहिराणीत बोलायची. म्हणाली, "माले येतस नही, तुले कोठून येतीन? तुना बाप बठ्ठासले असंच सांगे. मना लगीनमा बी त्यास्नी असंच सांगेल व्हतं, घर सोतानं शे म्हनीसन." स्वतःचं म्हणून सांगितलेलं ते घर भाड्याचं होतं. वडिलांनी पेपर पुन्हा उघडला.

मी परत आले. तोवर मी ठरवलं होतं की सरळ पाय धरायचे आणि नाही म्हणायचं. पण एस.टी. स्टँडवरून घरी जाताना अक्काची मुलगी, म्हणजे ती नवरी, वाटेत भेटली. एरवी हसरी पोर. त्या दिवशी डोळे सुजलेले. म्हणाली, "काकू, आई बोलून बसलीय त्यांच्यासमोर. मांडे झाले नाहीत तर तिला एक दिवस ऐकावं लागेल. मला जन्मभर." एवढंच बोलली आणि पुढे गेली.  मी सासुरवास काढलेली बाई. एक वाक्य सून किती वर्षं ऐकते ते मला कोणी सांगायला नको होतं. मी तशीच, हातात पिशवी, अक्काच्या मागच्या अंगणात गेले आणि म्हटलं, "कुठे आहे तुमचं खापर?"

शिकवणी सुरू झाली. उन्हाळ्यातलं जळगाव, त्यात चूल, त्यात अक्का. तीन उष्णता एका जागी. चुलीला पऱ्हाट्या लागायच्या, कपाशीची वाळलेली झाडं. त्या आणायचं काम अक्कानं ह्यांना लावलं. कचेरीतून येताना सायकलला पऱ्हाटीचा भारा बांधून येणारा आमचा साहेब बघून मला जो आनंद व्हायचा तो मी लपवला नाही. पोराला तिनं आपला डावा हात करून टाकलं. मिश्रीची डबी धर, वेणीचं टोक धर, माशी हाकल. तोही न कुरकुरता करायचा. कारण काय, तर बिघडलेले मांडे त्याला मिळायचे, आणि मी करत होते ते सगळेच बिघडत होते.

पहिला मांडा हातावर घेतला तो कोपराशी जाऊन ओल्या टॉवेलसारखा लोंबला. दुसरा वाढला, फाटला आणि माझ्या गळ्यात पडला. तिसरा खापरावर पडला खरा, पण अर्धाच, अर्धा चुलीत. पुरण जळल्याचा वास आबांच्या ओट्यापर्यंत गेला. अक्का पाटावर बसून प्लास्टरचा हात आपटत ओरडायची, "अवं हात कायले ताठ ठेवते? मांडा खेयव! पोराले कडेवर घेते तसं घे ना!" मी म्हणायचे, "पोराला घेतलं म्हणूनच ही वेळ आली." पोरगा गल्लीतली सगळी टोळी घेऊन कुंपणावर बसायचा आणि मांडा फाटला की जोरात आरोळी ठोकायचा, "आमचा!" एकदा मला म्हणाला, "आई, अक्काचा दुसरा हातपण..." मी पळी घेऊन मागे लागले, म्हणून वाक्य पुरं झालं नाही.

माझे हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. रात्री खोबरेल लावून बसायचे तेव्हा हे एकदा जवळ येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी चहा त्यांनी केला. चहा भयंकर होता. मी प्यायले.

हळूहळू जमत गेलं. म्हणजे दहातला एखादा मांडा मांड्यासारखा दिसायला लागला. अक्का त्याकडे बघून "हं" म्हणायची. तिच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे काय ते गल्लीतल्या कोणालाही विचारा. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तर एक असा झाला की मी तो उन्हाकडे धरला आणि पलीकडे पोराचा चेहरा दिसला, दात विचकलेला. मला रडूच आलं. अक्का म्हणाली, "रडू नको. एकानं पंगत उठत नही."

लग्न लागलं. वऱ्हाडी फैजपूरहून दोन ट्रक भरून आले. अक्कानं डावा हात शालूच्या पदराखाली असा घेतला होता की कोणाला प्लास्टर दिसू नये. ऐन लग्नात मुलीच्या आईचा हात मोडलाय म्हटल्यावर लोक शकुन-अपशकुन काढत बसतात, आणि हाताचं कळलं की मांड्यांचंही कळणारच. गल्लीतल्या बायकांनी मात्र तोंड उघडलं नाही. त्या तिघीसुद्धा. भांडण आमचं आमच्यात, फैजपूरवाल्यांना काय म्हणून सांगायचं?

विहीणपंगतीच्या दिवशी मी मागच्या अंगणात बांबूच्या तट्ट्याच्या आड खापरावर. पंगत तट्ट्याच्या पलीकडे. मला दिसायचं थोडं, ऐकू यायचं सगळं. मांडा झाला की अक्का उजव्या हातानं ताटातून घेऊन जायची आणि वाढायची. अंदाज असा होता की जो उत्तम होईल तो विहिणीला, बाकीचे इतर बायकांना. पण पंगतीला काय माहीत आमचा अंदाज? पहिले दोन मांडे बरे झाले, ते विहिणीच्या पलीकडे बसलेल्या वराच्या दोन मावश्यांनी हात पुढे करून आधीच मागून घेतले. म्हणून पुढचा मी घाईघाईनं लाटायला घेतला. तिसरा मांडा मधे जाड राहिला, कडेला पातळ, एका बाजूला सातपुड्यासारखा उंचवटा, आणि एक भोक. मी म्हटलं, "अक्का, हा नको, थांबा." पण वाढपी पोरगी आरडत आली, विहीणबाईंचं पान रिकामं आहे, आमरस वाढून झालाय, त्या हात आवरून बसल्यात. अक्कानं त्या मांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उचलून घेऊन गेली.

 मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. विहीणबाईंनी मांडा दोन बोटांनी उचलला. खालीवर बघितलं. भोकातून बघितलं. आणि मोठ्यानं म्हणाल्या, "विहीणबाई, हा मांडा आहे का गोधडी? आम्ही तर ऐकलं होतं की असोद्याच्या हाताला तोड नाही."

बायका खिदळल्या. नवरी सासूच्या शेजारीच बसली होती. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.  मी पदर खोचला. म्हटलं बाहेर जायचं आणि सांगून टाकायचं, की बाई, मांडा माझा आहे, पोरगा माझा आहे, दगड माझ्या पोराचा, आणि थाप माझ्या बापाची. अक्काला काही बोलू नका. दोन पावलं टाकली आणि अक्काचा आवाज आला.

"माहाच हाये तो मांडा," अक्का म्हणाली. "बिघडला."

आयुष्यात हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. पंगतीत बसलेल्या आमच्या गल्लीतल्या त्या तीन बायकांचे घास हातातच राहिले. अक्का ताठ उभी होती, डावा हात पदराखाली, आणि पुढे म्हणाली, "माह्या हातचं बिघडलेलं माह्या लेकीच्या माथी मारू नका. तिले यापेक्षा चांगलं येतं." लेकीला ओ की ठो येत नव्हतं. पण अक्का ते अशा आवाजात बोलली की माझ्या वडिलांनीही खाली मान घालावी.

 विहीणबाईंना भांडण हवं होतं, आणि समोरचीनं तर आधीच हार कबूल केलेली. आता हसायचं कोणाला? त्यांनी मांड्याचा तुकडा तोडला, आमरसात बुडवला, खाल्ला. आणखी एक तोडला. मग म्हणाल्या, "चव चांगली आहे हो. बसा आता तुम्हीही." आणि सुनेच्या पानात आपल्या हातानं आमरस वाढला.

अक्का तट्ट्याआड आली तेव्हा मी चुलीपुढे बसून ओक्साबोक्शी रडत होते. लाज वाटत होती, तिचा राग येत होता, तिच्यावर माया येत होती, सगळं एकदम. मी म्हटलं, "अक्का, माझं नाव का नाही सांगितलंत? तुमचं एवढ्या वर्षांचं नाव गेलं ना."

"तू माह्या चुलीवर बसली व्हती ना? मंग? तुह्या हातून बिघडलं ते माहं बिघडलं. माही चूल सोडून तुले कोन ओयखतं तिथं?" मग माझ्या भाजलेल्या हातांकडे बघून म्हणाली, "आन् रडू नको, पुरनात पानी पडीन. विहीन आनखी एक मागते. कर."

मी डोळे पुसले, गोळा घेतला, लाटला, हातांवर खेळवला. श्वास रोखून खापरावर सोडला.

तोही जाडच झाला. अक्कानं तो खापरावरून उचलला, ताटात ठेवला, पदर नीट केला आणि मान वर करून पंगतीत वाढायला घेऊन गेली.